तू भरलेली हवा

श्रीरंग,

"शेवटी हवा मोजून ठेव," असं तू मला म्हणालास. श्वार्झवाल्डच्या जंगलातल्या त्या पार्किंगमध्ये, अँब्युलन्सचं दार लागायच्या आधी, तोंडावरचा मास्क एका हाताने बाजूला करून. अँब्युलन्समधल्या बाईंनी तुला जर्मनमध्ये दटावलं आणि मास्क परत बसवला. त्यानंतर दोन दिवस तू होतास, पण बोलला नाहीस. म्हणजे तू मला सांगितलेली शेवटची गोष्ट ती.

मी हवा मोजली नाही. माझी सायकल तशीच बॉबलिंगेनला आणली, आमच्या तळघरातल्या खोलीत भिंतीला टेकवली आणि दार लावून घेतलं. मेधाने दोनदा विचारलं, "तिच्यावरचं रस्त्याचं मीठ तरी धुवून टाक, गंजेल." मी "हो हो" म्हणालो. बायकोला काय सांगणार, की त्या चाकांतली हवा श्रीरंगने भरलेली आहे आणि मला त्या सायकलला हात लावायची भीती वाटते?

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय मला. तू गणपतीत बसवलेली नाटकं, नव्याने आलेल्या पोरांना घर शोधायला केलेली मदत, हे सगळं इतर लोक लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती आधी वहिनींना सांगितल्याशिवाय लिहायची नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांना सांगायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

आपलं भांडण कुठून सुरू झालं, आठवतं? तुमच्याकडे पाडव्याला जेवायला आलो होतो. आदल्या हिवाळ्यात मी ती जाड टायरची सेकंडहँड फॅटबाइक घेतली होती. पार्किंगमध्ये ती बघून मंडळातले लोक "ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टर आला" म्हणून हसायचे, आणि तू मात्र गुडघे टेकून चाक बघत बसला होतास. त्यानंतर महिनाभर तू फक्त वाचत होतास आणि पाडव्याला निकाल जाहीर केलास.

"मिल्या, तुझं चाक अरुंद आहे."

"चार इंच टायर आहे, श्रीरंग. साध्या सायकलला दोन असतो."

"बर्फाला ते माहीत नाही. हे बघ." आणि तू श्रीखंडाच्या पातेल्यात चमचा उभा धरलास. "बुडाला?" मग तोच आडवा ठेवलास. "तरंगला? वजन तेच, चमचा तोच. टेकायला जागा किती मिळते त्यावर आहे सगळं. जवळजवळ पाच इंची टायर पाहिजे, आणि रिम शंभर मिलिमीटर रुंद."

वहिनी पुऱ्यांचं ताट घेऊन आल्या. "श्रीखंडातून सायकल नेणार आहात का तुम्ही दोघं? आधी तो चमचा चाटून बाजूला ठेवा, बाकीच्यांना वाढायचंय."

मी मागे हटलो नाही. रुंद चाक जड असतं, मळलेल्या वाटेवर ते पिठाचं पोतं ओढल्यासारखं ओढावं लागतं, वळताना टायरची कड अडते, असं मी म्हणालो. शिवाय चार इंची टायरमध्ये हवा थोडी कमी केली की तोही पसरतोच. मग पाच इंचांचा हट्ट कशाला? तू म्हणालास, हवा हा उपाय आहे, चाक हा निर्णय आहे. मी म्हणालो, उपायाने भागत असेल तर निर्णय बदलायचा कशाला. दोन वर्षं आपण हेच बोलत होतो, फिरून फिरून. तू दर वेळी एखादा नवा मुद्दा आणायचास आणि मी जुनाच मुद्दा जरा मोठ्याने सांगायचो.

मग तू नवी फ्रेम घेतलीस. जुन्या फ्रेमींमध्ये एवढा रुंद टायर बसतच नाही, साखळी घासते. "लोक आधी सायकल घेतात, मग चाक बघतात," तू म्हणालास. "मी आधी चाक ठरवलं." रिम तू स्वतः ओवलीस. हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून एकेक तार ताणत होतास, आणि वहिनी मला फोनवर सांगत होत्या, "भाऊजी, आमच्याकडे सध्या सतार जुळवायचं चाललंय." सायकल तयार झाली, आणि मग जे आपल्यासारख्या दोन माणसांचं व्हायचं तेच झालं. आपण टेस्ट ठरवली.

हे इथल्या बाकीच्यांना कसं कळावं? साधी माणसं दोन सायकली घेऊन बर्फात गेली असती, पडली असती, हसली असती, कॉफी पिऊन घरी आली असती. आपण आयुष्यभर गाड्यांच्या चाचण्या घेतलेली माणसं. पुण्यात मी नवा होतो तेव्हा तू माझा सिनियर होतास, मी तुला "सर" म्हणायचो. एकदा ट्रॅकवर गाडी हेलकावे खात होती म्हणून मी मध्येच थांबवून टायरमधली हवा कमी केली आणि फेरी पूर्ण केली. तू सगळ्यांसमोर शांतपणे म्हणालास, "मिलिंद, ही टेस्ट नाही झाली. ही सहल झाली." सगळे हसले. मी कानापर्यंत लाल झालो. पण तेव्हापासून आजपर्यंत मी एकही चाचणी मध्येच बदललेली नाही. जर्मनीत आल्यावर माझं जे थोडंफार नाव झालं ते या एका गोष्टीवर. आणि आपल्या दोघांत तो शब्दच होऊन बसला. कुणी रेसिपीत वेगळं काही घातलं की सहल. कुणी रस्ता चुकलं की सहल.

नियम तू केलेस. आपापल्या मताच्या विरुद्ध चाक घ्यायचं, म्हणजे मन लबाडी करणार नाही. म्हणून तुझी रुंद चाकांची सायकल मी चालवायची आणि माझी अरुंद चाकांची तू. हवा दोन्हीत सारखी. तीही घरी भरायची नाही, कारण घरातल्या उबेत भरलेली हवा थंडीत आकसते. सायकली पार्किंगमध्ये अर्धा तास उभ्या ठेवायच्या, तोवर आपण चहा प्यायचा, मग थंड चाकांत हवा भरायची, आणि परत येईपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. शेवटी पुन्हा मोजायची.

ती सकाळ सुरेख होती, हे लिहितानाही लाज वाटते. तू थर्मासच्या झाकणातून चहा प्यायलास. वहिनींनी दिलेले साबुदाणावडे थंडगार झाले होते, तू त्यातले तीन खाल्लेस. चारही चाकांत तूच हवा भरलीस. छोट्या पंपाने. मी म्हणालो, मी करतो दोन. तर म्हणालास, "नको, एकच हात असू दे."

खालची वाट चालणाऱ्यांसाठी यंत्राने दाबून घट्ट केलेली होती. तिथे तू पुढे होतास आणि मागे वळून ओरडत होतास, "मिल्या, तुझं चाक बरं आहे रे! जा, जा, एकदम बरं आहे!" मी तुझं ते जड चाक ओढत मागून येत होतो आणि मनात म्हणत होतो, बघ, मी सांगत होतो. मग जंगलातली लाकडी झोपडी आली, तिच्या पुढे यंत्र जात नाही. नवा, मऊ, गुडघ्याला येईल असा बर्फ, आणि चढ.

तिथे सगळं उलटलं. तुझं चाक माझ्याखाली तरंगायला लागलं. खरंच तरंगत होतं, श्रीरंग, तू चमच्याने दाखवलं होतंस तसं. आणि तू रुतायला लागलास. पाच-सहा पॅडल, मग पाय खाली. पुन्हा चार पॅडल. मग तू उतरून ढकलायला लागलास. बर्फातून सायकल ढकलणं हे चालण्यापेक्षा किती कठीण असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

मी वर थांबून तुझी वाट बघत होतो. आणि आता जे लिहायचंय ते असं, की मला मजा येत होती. वीस-बावीस वर्षं तू कायम माझ्या पुढे. पुण्यात, इथे, कामात, चढावर. पहिल्यांदा मी वर होतो आणि तू खाली धापा टाकत होतास.

तू थांबलास. हातमोजा दातात धरून काढलास, वाकलास आणि पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढलीस.

"मिल्या, फारच रुततंय रे. थोडी हवा सोडतो."

आणि मी वरून म्हणालो, "सोड की. पण मग ती सहल झाली."

तू वर बघितलंस. हसलास. "अस्सं काय," म्हणालास. आणि ती टोपी परत लावलीस. फिरवून, नीट घट्ट.

ती टोपी परत लावताना तुझी बोटं मला अजून दिसतात. मीटिंगमध्ये दिसतात, दात घासताना दिसतात.

तू वर पोचलास तेव्हा तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. "वडे वर येतायत," म्हणालास. "अ‍ॅसिडिटी. तळणीचं नडलं." एका ओंडक्यावर बसलास. मी पाणी दिलं. मी तेव्हाही विचारलं नाही की छातीत दुखतंय का, हात जड वाटतोय का. मी विचारलं, "मग? निकाल काय?" आणि तू छाती चोळत म्हणालास, "मी रुतलो म्हणजे मीच बरोबर. जेवढा रुतलो तेवढा बरोबर." आपण दोघंही हसलो. उतार आपण बेताने उतरलो. पार्किंगमध्ये तुला सायकल उचलून गाडीच्या कॅरियरवर ठेवता आली नाही, तेव्हा मी फोन केला.

हे सगळं माझ्याजवळ होतं आणि वहिनींजवळ नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की आपण सायकलवर गेलो आणि तुला अटॅक आला. अंत्यविधीला त्यांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही बरोबर होतात म्हणून बरं." त्या "बरं"चं काय करायचं ते मला कळेना. लोक येत होते, सांत्वन करत होते, आणि प्रत्येक जण म्हणत होता की मी वेळेवर फोन केला.

मग एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, ती सायकल घेऊन जा हो. बिल्डिंगची देखभाल करणारा तो हाउसमाइस्टर म्हणतोय, तळघराच्या बोळात ठेवायची नाही. तुम्हाला नको असेल तर मोठ्या कचऱ्यात देऊन टाकू या. मला ती घरात नको."

मी गेलो. तुझी सायकल तिथेच होती, जिथे मी त्या रात्री ठेवली होती. रुंद चाकं, तू ओवलेल्या तारा. वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

"मी कपडे धुवायला येते ना, तर भिंतीला चिकटून जाते," त्या म्हणाल्या. "तिला अंग लागू द्यायला नको वाटतं. तिनेच नेलं त्याला. वेड्यासारखं आहे, कळतंय मला. आमची सईपण हेच म्हणाली."

माझ्या लक्षात आलं की त्यांना वाटतंय, तू त्या सायकलवर होतास. आपण सायकली बदलल्या होत्या हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? सांगू शकणारा एकटा मी.

गाडी बाहेर उभी होती. सायकल उचलायची, कॅरियरला लावायची, "येतो वहिनी" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. त्यांनी तुझ्या त्या बिचाऱ्या सायकलला जन्मभर दोष दिला असता, आणि तिने काही उलट सांगितलं नसतं. मी हँडल धरलंसुद्धा. दोन पावलं ढकललीसुद्धा.

"वहिनी, ही नव्हे," मी म्हणालो.

"काय ही नव्हे?"

"श्रीरंग हिच्यावर नव्हता. हिच्यावर मी होतो. तो माझ्या सायकलवर होता."

आणि मग तिथेच, वॉशिंग मशीनच्या आवाजात, मी सगळं सांगितलं. नियम, चहा, झोपडी, चढ, टोपी, सहल. "मला मजा येत होती" हेही सांगितलं. ते गाळावंसं फार वाटलं होतं. मशीन थांबलं आणि पिंपिं करायला लागलं. वहिनींनी दार उघडून चादरी बाहेर काढल्या. एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. आम्ही ती झटकली, घडी घातली, पुन्हा घडी घातली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तीन चादरी झाल्या.

"तुमची दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमची सायकल. आत्ता."

आम्ही गाडीतून आमच्या तळघरापर्यंत आलो. मी दार उघडलं, दिवा लावला. वहिनी सरळ सायकलपाशी गेल्या, वाकल्या आणि पुढच्या टायरवर अंगठा दाबला. आंबा बघतात तसा.

"केवढं कडक आहे हो हे. दगड आहे नुसता."

"इथे उबेत जास्त कडक लागतं. तिथे थंडीत एवढं नव्हतं."

"मग मऊ होतं?"

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. "नाही," मी म्हणालो. "पुरेसं मऊ नव्हतं. सोडायला हवी होती. तो सोडत होता."

त्या उभ्या राहिल्या, अंगठा जॅकेटला पुसला. मला वाटलं, आता त्या बोलतील, जे बोलायला हवं ते. मी तयार होतो. खरं सांगायचं तर वाट बघत होतो. पण त्या म्हणाल्या ते वेगळंच होतं.

"त्याला दिवाळीपासून दम लागत होता. जिना चढताना. डॉक्टरने हृदयासाठी कार्डिओलोगेकडे पाठवलं होतं. टर्मिनची तारीख मिळाली होती मार्चची. मी म्हटलं, भाऊजींना सांगून ठेव, तुम्ही बर्फात जाता. तर मला म्हणाला, खबरदार मिल्याला सांगितलंस तर. तो मला घरी बसवेल, आणि ही टेस्ट मला करायचीच आहे." त्या थांबल्या. "मी फोन हातात घेतला होता त्या सकाळी. तुम्हाला करायला. मग ठेवला. म्हटलं, एवढा खूश होऊन चाललाय. आणि वडे दिले डब्यात. तळलेले."

श्रीरंग, तेव्हापासून तुझ्यावर मी इतका चिडलोय की विचारू नकोस. तू म्हणायचास, निकाल चुकला तर माफ करीन, पण मोजमाप लपवलंस तर माझ्या टीममध्ये राहू नकोस. आणि सगळ्यात मोठं मोजमाप तू स्वतःच लपवलंस. मला माहीत असतं तर मी ती टोपी स्वतः येऊन काढली असती. माहीत असतं तर आपण गेलोच नसतो, झोपडीत बसून वडे खाल्ले असते. तुला ते कळत होतं, म्हणूनच तू सांगितलं नाहीस. हे भांडण मी आता कुणाशी करू? समोर बस आणि उत्तर दे ना, नेहमी देतोस तसं, एक भुवई वर करून.

पण तुझ्या लपवण्याने माझं वाक्य पुसलं जात नाही. मी दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं. तुझा चेहरा मला दिसत होता. दम लागलेला माणूस ओळखायला कार्डिओलोगे लागत नाही.

त्या रात्री मला काही लिहिता आलं नाही. सकाळी वहिनींचा पुन्हा फोन. "मला ती जागा बघायचीय. सायकल घेऊन या, तुमची. हवा काढू नका."

तुझी लेक सई कार्ल्सरूहेहून आली होती. फोनवर मागून तिचा आवाज आला, "ममा, मुस दास झाइन?" हे करायलाच हवं का, असं. आणि वहिनींचा मराठीत, "हो. हवंच."

आम्ही दोघंच गेलो. पार्किंगमध्ये मी सायकल उतरवली आणि म्हणालो, "आता अर्धा तास थांबावं लागेल, चाकं थंड व्हायला." वहिनींनी मान हलवली, पिशवीतून थर्मास काढला. तुझाच. आम्ही गाडीच्या बॉनेटला टेकून चहा प्यायलो. समोरून स्लेज ओढत एक कुटुंब गेलं, पोरं त्या चाकांकडे बघून हसली.

मग मी हवा मोजायचं गेज लावलं. पहिल्यांदा ते नीट बसलंच नाही. वहिनी जवळ येऊन उभ्या राहिल्या. पुढचं चाक, मागचं चाक. तू त्या सकाळी भरली होतीस त्यापेक्षा अगदी थोडी कमी, दोन्हीकडे सारखी. मधल्या आठवड्यांत जेवढी झिरपायची तेवढीच झिरपली होती. तुझा एकच हात, चोख काम.

"मोजली," मी मोठ्याने म्हणालो. वहिनींना वाटलं त्यांना सांगतोय. त्या म्हणाल्या, "बरं."

झोपडीपर्यंत मी सायकल हाताने नेली, त्या बाजूने चालल्या. दोनदा घसरल्या, माझा हात धरला, सोडला. झोपडीच्या पुढे आलो. चढ तोच. बर्फ पुन्हा मऊ पडलेला, आपल्या खुणा कधीच बुजलेल्या. मी दाखवलं, "तो इथे होता. मी तिथे वर, त्या वाकड्या झाडापाशी."

त्या त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. मग वर माझ्या जागेकडे बघितलं.

"जवळच होतात की हो," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं होतं लांब असाल. ओरडून बोलला असाल."

"नाही. साधं बोललो तरी ऐकू जात होतं."

वारा नव्हता. फांदीवरचा बर्फ अधूनमधून धपकन पडत होता. वहिनींनी हातमोजा काढला.

"आधी अशीच चालवून दाखवा."

मी बसलो. पाच-सहा पॅडल, आणि चाक खाली गेलं. पाय टेकला. पुन्हा बसलो, पुन्हा रुतलो. उतरून ढकलायला लागलो, आणि थोड्याच वेळात माझी छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. माझं हृदय डॉक्टरांच्या मते धडधाकट आहे. मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "या खाली. आता सोडा."

मी टोपी काढली. तू घट्ट लावलेली, ती जोर लावून काढावी लागली. व्हॉल्व्हवर अंगठा ठेवला, आणि दाबता येईना. वहिनी, ही त्याने भरलेली आहे, असं म्हणायचं होतं मला. पण त्यांना ते माहीत होतं. म्हणून तर त्या आल्या होत्या. त्या माझ्या शेजारी बर्फात बसल्या आणि त्यांनी स्वतःचं बोट तिथे ठेवलं.

हवा निघाली. फार आवाज नाही झाला. लहान पोर झोपेत उसासा टाकतं तेवढाच. त्यांनी दुसरा हात त्या हवेसमोर धरला होता. "गार आहे," त्या म्हणाल्या. मागच्या चाकातलीही त्यांनीच सोडली. मी दाबून दाबून सांगत होतो, अजून थोडी, अजून, बास.

मग मी पुन्हा बसलो.

चाललं, श्रीरंग. टायर पसरला आणि चाललं. तुझ्या चाकासारखं तरंगलं नाही, मध्ये एकदा डगमगलो, घाम फुटला, पण पाय टेकला नाही. मी त्या वाकड्या झाडापाशी पोचलो. आणि मागे वळायची हिंमत होईना. मी तिथे उभा राहून सालीकडे बघत होतो, जिथे त्या दिवशी तुझी वाट बघत उभा होतो.

खालून आवाज आला. "चाललं ना?"

आजचा बर्फ वेगळा आहे, असं म्हणता आलं असतं. तापमान वेगळं, सकाळ वेगळी, माझं वजन तुझ्यापेक्षा कमी, दोन दिवसांची तुलना होऊ शकत नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तू असतास तर तूच ते प्रत्येक वाक्य मला म्हणायला लावलं असतंस.

मी वळलो. "चाललं, वहिनी," मी म्हणालो. "चाललं असतं."

त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर काय होतं ते एवढ्या जवळूनही मला वाचता आलं नाही, आणि मी अर्थ लावणार नाही. त्यांनी हातमोजा घातला. मग त्या माझ्या चाकाच्या खुणेवरून, एकेक पाऊल बघून टाकत, वर यायला लागल्या. मी सायकल आडवी टाकली आणि खाली गेलो. त्या वेळी गेलो नव्हतो. हात पुढे केला. या वेळी त्यांनी तो धरला आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही.

तुझी सायकल त्यांनी कचऱ्यात दिली नाही. बोळातून उचलून आत स्वतःच्या जागेत, कपाटाशेजारी ठेवली आहे. माझी अजून गाडीतच आहे, मऊ चाकांची.

निकाल तुला कळवायचा राहिला होता, म्हणून लिहितो. चार इंच की पाच, हे ठरलं नाही. ते भांडण तसंच राहील, आणि मी ते एकट्याने कुणाच्याही बाजूने मिटवणार नाही. ठरलं ते एवढंच, की तुला दम लागला होता तेव्हा ती सहलच व्हायला हवी होती.